एक जव्हार-मोखाडा

मोठे आकडे मोजायला माप लागतं. किलो, लिटर, मैल ही मापं बाजारात चालतात, पण आज आपण जिथं निघालोय तिथं ती तोकडी पडणार. म्हणून मी एक नवं माप घेतलंय. त्याचं नाव एक जव्हार-मोखाडा. पालघर जिल्ह्यातले डोंगरातले हे दोन शेजारी तालुके. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसं आणि मोखाड्यात सुमारे ८३ हजार. बेरीज २ लाख २३ हजार. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं मी सांगतो.

मोजायचं काय? एक ‘टक्’.

माणूस खुर्चीत बसलाय. डोक्याला सुई नाही, टाके नाहीत, भूल नाही. कवटीवर एक तारेचं वेटोळं टेकवलंय, प्लास्टिकच्या वेष्टनातलं, मोठ्या पळीएवढं. बटण दाबलं. टक्! आणि त्या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. त्यानं उडवला नाही. उडाला. १९८५ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं. याचं नाव ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, लाडानं टीएमएस. बाहेरून चुंबक, आत मेंदूत वीज, मध्ये कवटी जशीच्या तशी. हे आत नेमकं कसं जमतं ते शास्त्रज्ञांवर सोडू या. आपण आकड्यांच्या मागं लागू, कारण आकडे ऐकलेत तर अंगठाच काय, तुम्हीही उडाल.

आधी ज्याच्यावर हा टक् आदळतो तो मेंदू. वजन जेमतेम १४०० ग्रॅम. आत चेतापेशी किती? ८६ अब्ज. म्हणजे ८,६०० कोटी. असं नुसतं म्हटलं की कानावरून जातं, म्हणून नागली घ्या. जव्हारच्या वरकस जमिनीवर पिकते तीच, मोहरीएवढ्या दाण्याची. हजार दाणे तराजूत टाकले तर अडीच-तीन ग्रॅम भरतात. आता एका पेशीला एक दाणा द्या. २१५ टन नागली झाली! पन्नास किलोची ४,३०० पोती. दहा टनी ट्रक लावले तर एकवीस भरतात आणि बावीसाव्यात पाच टन उरतात. आणि हे सगळं तुमच्या टोपीखाली.

मोजून बघायचे आहेत? बसा मोजत. सेकंदाला एक दाणा, रात्र नाही, दिवस नाही, जेवण नाही, जांभई नाही. २,७२५ वर्षं लागतील. जव्हारच्या मुकणे राजघराण्याचं राज्य १३४३ साली उभं राहिलं म्हणतात. त्या दिवशी कुणी राजवाड्याच्या ओट्यावर नागली मोजायला बसला असता, तर आज त्याची पावच रास मोजून झाली असती. पाऊण बाकी!

मुकण्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याबद्दलची एक आख्यायिका सांगतो, कारण ती इथं फार कामाची आहे. पहिल्या राजानं म्हणे फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. देणाऱ्यानं हसत हो म्हटलं. मग यानं कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडत नेली आणि त्या दोरीनं अख्खा मुलूख वेढला. गोष्ट खरी असो नसो, मेंदूनं ती तंतोतंत केलीय. त्या १४०० ग्रॅममधले, वर चरबीचं वेष्टन असलेले नुसते चेतातंतू एकापुढे एक जोडले तर विशीतल्या तरुणाच्या डोक्यातून १ लाख ७६ हजार किलोमीटर दोरी निघते. मोजणारे डेन्मार्कचे, साल २००३. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरा. अकराशेहून जास्त वेळा मुंबई-पुणे! भारतीय रेल्वेचे सगळे मार्ग मिळून ६८ हजार किलोमीटरच्या थोडे पुढं जातात. त्याच्या अडीच पट. पृथ्वीला वेढा घालायला ४० हजार किलोमीटर पुरतात. चार वेढे झाले आणि वर दोरी उरली. बैलाच्या कातड्याला हे कुठं जमलं होतं!

आणि या तंतूंचे एकमेकांशी सांधे? तिथं तर आपल्या पणज्यांची अंकमोजणीच काढावी लागते. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी. एकावर चौदा शून्यं म्हणजे जलधी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हे नाव आहे. जलधी म्हणजे समुद्र. इतक्या मोठ्या आकड्याला दुसरं नाव शोभलंही नसतं. मेंदूतल्या सांध्यांचा ढोबळ अंदाज या एक जलधीच्या आसपासचा. आता मोखाड्याला चला. तिथं कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच. तिथून मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी जातं. एका सांध्याला पाण्याचा एक थेंब द्या. मिलिलिटरला वीस थेंब. एक जलधी थेंब म्हणजे ५०० कोटी लिटर. मध्य वैतरणेतून मुंबईला जाणारं अकरा दिवसांचं पाणी! विहिरीत मोजायचं तर पाच मीटर रुंद आणि दहा मीटर खोल विहीर काठोकाठ भरली तर दोन लाख लिटर. अशा पंचवीस हजार विहिरी. एका डोक्यात. (त्याच धरणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात बायका झिऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतात, हाही एक आकडाच आहे; पण तो लिहायला वेगळा लेख लागेल.)

तर असा हा मेंदू. आता त्याच्यावर चुंबक.

होकायंत्राची सुई ज्याच्या जोरावर उत्तर दाखवते ते पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या भागात टेस्लाच्या मापानं सुमारे ४३ लाखांशाला दहानं भागून येणारा... थांबा, असं नको. सरळ सांगतो. पृथ्वीला एक रुपया धरा. टीएमएसच्या वेटोळ्याचा जोर दीड ते दोन टेस्ला असतो. आपण मधला १.६ घेऊ. पृथ्वीचा एक रुपया, तर वेटोळ्याचे ३७ हजार रुपये! एवढी मोठी पृथ्वी, पोटात वितळलेलं लोखंड घेऊन फिरणारी, आणि ही पळी तिच्या सदतीस हजार पट.

१.६च का घेतला? त्याला कारण कुलाबा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. १८५९च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि पृथ्वीवर चुंबकी वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कागद पेटले, तारबाबूंना झटके बसले. लिखित इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं वादळ ते. आणि त्याची ताकद आकड्यात सांगणारी मोलाची नोंद कुणाकडे? आपल्या कुलाब्याकडे! पुढं मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून चुंबकी सुया बिथरतील या भीतीनं १९०४ साली ही मोजणी समुद्रापलीकडं अलिबागला हलवली, ती आजही तिथंच चालते. तर १८५९च्या त्या वादळात कुलाब्याची सुई किती ढळली? सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. आता भागाकार करा. वेटोळ्याचा १.६ टेस्ला भागिले कुलाब्याचे १,६०० नॅनोटेस्ला. दहा लाख! बरोब्बर दहा लाख! तारयंत्रांतून ठिणग्या उडवणारं ते वादळ, त्याच्या दहा लाख पट जोर कानाच्या वर चार बोटांवर. आणि वादळात कुलाब्याची सुई तेवढी ढळायला तास-दीड तास लागला. वेटोळं शून्यावरून शिखरावर जातं एका सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात.

हा जोर येतो कुठून? तारेतल्या प्रवाहातून. पाच हजार ते आठ हजार अँपियर. घरातला छताचा पंखा एका अँपियरचा तिसरा हिस्सा खातो. म्हणजे पंधरा ते चोवीस हजार पंखे एका वेळी लावा. आपल्या मापात सांगायचं तर दोन्ही तालुक्यांतल्या दर दोन-तीन घरांमागे एक पंखा फिरू लागला. सगळा प्रवाह एका पळीतून!

आणि ती पळी दिसते कशी? जव्हारकडच्या तारपा नाचाच्या वारली चित्रात बघा. मधोमध तारपा फुंकणारा, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांचं वेटोळं, आतून बाहेर उलगडत जाणारं. टीएमएसची तार अगदी तशीच गुंडाळलेली असते. १९८८ साली जपानच्या शोगो उएनो यांनी एका जागी दोन तारपे मांडले. शेजारी शेजारी दोन वेटोळी, इंग्रजी आठ आडवा ठेवल्यासारखी. एक नाच डावीकडून फिरतोय, दुसरा उजवीकडून. जिथं दोन्ही रिंगणं खेटतात तिथं मात्र सगळे एकाच दिशेनं धावताहेत. तिथं जोर दुप्पट! त्यामुळं नेम धरता येतो. एरवी अख्ख्या डोक्यावर सांडणारा धक्का काही चौरस सेंटिमीटरवर येतो. काही चौरस सेंटिमीटर, हुं, म्हणजे किती असं म्हणू नका. मेंदूची वरची सुरकुतलेली साल ताणून पसरली तर दोन हजार चौरस सेंटिमीटर भरते आणि तिच्यात १,६०० कोटी पेशी. अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात ८० लाख. मुंबईच्या लोकलमध्ये एका दिवसात साधारण एवढीच गर्दी चढते-उतरते! चर्चगेटपासून डहाणूपर्यंत, सीएसएमटीपासून कसारा-खोपोलीपर्यंत, सगळ्या गाड्या, सगळे डबे, लटकणारेसुद्धा. एका नखाखाली. (जव्हार-मोखाड्यात रेल्वेचा रूळ नाही, त्यामुळं तिथल्या वाचकांनी ही गर्दी यात्रेतल्या एसटीवरून ताडावी.)

या गर्दीला धक्का किती मोठा बसतो? इथं मी स्वतः दोनदा हिशेब तपासला. चेतापेशीचं आवरण अतिशय पातळ असतं आणि त्याच्या आतबाहेर ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. फरक किरकोळ, पण आवरण इतकं पातळ की मीटरच्या हिशेबानं तो सुमारे एक कोटी व्होल्ट होतो! कोरडी हवा फाटून ठिणगी पडायला मीटरमागं तीस लाख व्होल्ट लागतात. म्हणजे तुमच्या डोक्यातली प्रत्येक पेशी, आत्ता, हे वाचताना, ठिणगीच्या तिप्पट ताण अंगावर घेऊन शांतपणे बसलीय. ८,६०० कोटी पेशी! आणि टीएमएस मेंदूत उठवतं ती वीज मीटरमागं फक्त शंभर व्होल्ट. एक लाखावा हिस्सा. फुंकर. पण पेशी आधीच कडेवर बसलेली असते. तिला पंधराएक मिलिव्होल्टचा धक्का मिळाला की पुढचं काम ती स्वतः करते. उतारावर हँडब्रेक सैल झालेल्या गाडीला बोट लावायचं असतं, खांदा नाही.

मग निरोप सुटतो. कवटीखालून मणक्यातून हाताच्या अंगठ्यापर्यंत साधारण एक मीटर. वेळ, वीस मिलिसेकंद. सेकंदाला पन्नास मीटर, तासाला १८० किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. हा निरोप चौसष्ट मिनिटांत पुण्याच्या फलाटावर. आपली लाडकी दख्खनची राणी १९३०पासून धावतेय, तिला आजही तीन तासांच्या वर लागतात. अर्थात निरोपाला खंडाळ्याचा घाट नसतो, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

वेटोळं जरा सरकवलं की खेळ बदलतो. डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवलं तर मिटल्या डोळ्यांपुढं प्रकाश चमकतो. डाव्या बाजूला बोलण्याच्या जागेवर भराभर टक् टक् केलं तर आकडे म्हणणारा माणूस मध्येच थांबतो. ओठ आहेत, जीभ आहे, आकडाही माहीत आहे, पण ‘निखर्व’च्या पुढचा ‘महापद्म’ बाहेर येत नाही. टक् थांबला की गाडी पुढं. आणि वेगाचीही गंमत. सेकंदाला एक असा संथ ठोका बराच वेळ दिला तर त्या जागेचा उत्साह साधारणपणे उतरतो; सेकंदाला पाच, दहा असा दिला तर चढतो. आणि ठोके थांबल्यावरही हा चढ-उतार काही काळ टिकतो. जणू दळण संपल्यावरही जातं थोडा वेळ फिरत राहावं.

या टिकण्यातूनच उपचार निघाला. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली या यंत्राला परवानगी दिली. जागा, डाव्या कपाळामागचा मेंदू. हिशेब ऐका. चार सेकंद ठोके, सव्वीस सेकंद विसावा, परत ठोके. एका बैठकीत ३,०००. अशा तीस बैठका, सहा आठवडे. ९० हजार टक्! मिनिटाला सत्तरनं धडधडणाऱ्या हृदयाला ९० हजार ठोके द्यायला एकवीस तास लागतात. पण चुंबक प्रत्येक वेळी जागं असतं सेकंदाचा जेमतेम चार हजारावा भाग. गुणाकार करा. सहा आठवडे, नव्वद हजार ठोके, आणि चुंबक प्रत्यक्ष चालू होतं एकूण साडेबावीस सेकंद! घाटातल्या वळणावर समोरच्या एसटीला वाट द्यायला याहून जास्त वेळ जातो.

पुढं लोकांना साडेसदतीस मिनिटांची बैठकही लांब वाटू लागली. ठोके झुबक्यांत बांधले आणि तीन मिनिटांत ६०० दिले. २०१८ साली कॅनडात ४१४ रुग्णांवर दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या, तर तीन मिनिटंवाली मागं पडली नाही. सदतीसचं काम तिनात! हे सगळ्यांना लागू पडत नाही, डोक्यात धातू असलेल्यांना चालत नाही, क्वचित फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर शेजारी लागतो. आणि डॉक्टरचाच तर आकडा इथं अडतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेलं आढळलं, आणि पाहणीच्या वेळी चाळिसांत एकाला. आपल्या मापात प्रौढ सव्वा लाख धरले तर तीन हजारांच्या पुढं माणसं. हा देशाच्या सरासरीचा गुणाकार झाला, इथली शिरगणती नव्हे. देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागं पाऊण. तोच गुणाकार केला तर एका जव्हार-मोखाड्याला पावणेदोन डॉक्टर! तो पाऊण डॉक्टर कोणत्या तालुक्यात बसवायचा हे तुम्हीच ठरवा. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत फोन आहे, तो पूर्ण आहे.

आता शेवटचा डोंगर. ताकद.

यंत्र पूर्ण जोरात असेल तर एका ठोक्यामागं सुमारे ५०० ज्यूल. फार नाही. नागलीचं पन्नास किलोचं एक पोतं जमिनीवरून कमरेपर्यंत उचललं की तेवढे ज्यूल खर्च होतात. जव्हारच्या बाजारात हमाल ते दिवसभर करतो. नव्वद हजार ठोक्यांची सगळी वीज जोडली तरी साडेबारा युनिट, बिलात सव्वाशे रुपयांच्या आतबाहेर. मग एवढा गाजावाजा कशाचा? वेळेचा! झिऱ्यातून वाटीवाटीनं भरलेला हंडा एका झटक्यात उपडा करावा, तसं यंत्र वीज साठवतं आणि एका सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात ओतून टाकतं. पोतं उचलायचंय, पण सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात! ५०० ज्यूल गुणिले दहा हजार. पन्नास लाख वॉट. पाच मेगावॉट! चोवीस डब्यांची एक्सप्रेस ओढणारं डब्ल्यूएपी-७ जातीचं विजेचं इंजिन ६,३५० अश्वशक्तीचं असतं, म्हणजे पावणेपाच मेगावॉट. ते अख्खं इंजिन त्या क्षणापुरतं पळीत शिरलं. तेही पुरलं नाही, वर थोडं उरलं!

आणि आता ते माप काढा, जे आपण सुरुवातीला खिशात ठेवलं होतं. माणसाचा मेंदू किती वॉटवर चालतो? वीस. दोन एलईडी दिव्यांवर. विचार, राग, उसनवारीची आठवण, तारप्याचा सूर, बोहाड्यातली सोंगं, सगळं वीस वॉटमध्ये. मग पन्नास लाख वॉटमध्ये किती मेंदू चालतील? भागा. अडीच लाख! जव्हार तालुक्यातला प्रत्येक मेंदू, मोखाड्यातला प्रत्येक मेंदू, झिऱ्याशी बसलेल्या बाईचा, आश्रमशाळेत पाढे म्हणणाऱ्या पोराचा, वारली चितारणाऱ्याचा, एसटीच्या चालकाचा, पाळण्यातल्या बाळाचा, २ लाख २३ हजार मेंदू, एका क्षणात, एकदम, आणि तरीही सत्तावीस हजार जागा रिकाम्या! एक जव्हार-मोखाडा भरून वाहिला. एका टकमध्ये.

आणि त्या टकनं हललं काय? खुर्चीतल्या माणसाचा अंगठा. सेंटिमीटरभर.

डॉक्टर अंगठ्याकडं बघून मान डोलावतो. उपचाराचा जोर किती ठेवायचा हे त्या अंगठ्यावरूनच ठरतं. मग वेटोळं पाच-सहा सेंटिमीटर पुढं, कपाळाकडं सरकतं. कानात बोळे घट्ट. सेकंदाला दहा. टक् टक् टक् टक्